पान एक्केचाळीस

"सर, ओढू नका. पान फाटून राह्यलं."

भागीरथानं असं म्हणेपर्यंत फाटायचं ते फाटून झालं होतं. ग्रंथपाल चंद्रभान हिंगणकरच्या नखाखाली बारकोडचं स्टिकर अर्धं वर आलं होतं आणि त्याच्या पाठीला पानाचा पापुद्रा चिकटून आला होता, वरच्या निळ्या शाईसकट. चंद्रभाननं पुस्तक मिटलं. मृदाशास्त्राचं जाडजूड पुस्तक, पोरांनी हाताळून मऊ केलेलं.

"दुसरं काढतो त्या सालचं," तो म्हणाला.

"काढा. पन बाकीच्या सातांले हात नका लावू आता."

टेबलावर आठ पुस्तकं होती. दोन हजार अकराच्या जूनपासून एकोणीसच्या मेपर्यंत, दर शैक्षणिक वर्षाचं एक. पुस्तकांत काय छापलं होतं याच्याशी दोघांनाही कर्तव्य नव्हतं. त्यांना हवं होतं ते प्रत्येकाचं एक्केचाळिसावं पान.

ग्रंथालयात नवं पुस्तक आलं की त्याचा दाखल क्रमांक पहिल्या पानामागे टाकतात, तसा आतल्या एका ठरावीक पानावरही टाकतात. एखाद्या बहाद्दरानं पहिलं पान फाडून पुस्तक लांबवलं, तरी ते कुणाचं हे कळावं म्हणून. ते पान कोणतं, हे ज्या त्या ग्रंथालयाचं गुपित. अकोल्याच्या या महाविद्यालयात ते एक्केचाळीस होतं. चंद्रभाननंच नोकरीच्या पहिल्या वर्षी ठरवलेलं. आणि दोन हजार सहाच्या जूनपासून त्या पानाच्या तळाशी क्रमांक आणि तारीख टाकायचं काम भागीरथा उमाळेचं. तिचं अक्षर ठसठशीत होतं. नवाची शेपटी ती जरा जास्तच खाली ओढायची, इतकी की खालच्या तारखेला लागायची. चंद्रभाननं सुरुवातीला एकदोनदा टोकलं, मग सोडून दिलं.

भागीरथा बारावी पास होती. बार्शीटाकळी रोडवर सासरचा वांग्या-शेवंतीचा मळा होता. पहाटे फुलं तोडून ती साडेसातला ग्रंथालय उघडायची, झाडायची, पेपर लावायची, पुस्तकं जागेवर ठेवायची, शिक्के मारायची. तीन कुलपांच्या तीन किल्ल्या तिच्याकडेच असत. तिच्या नेमणुकीचा कागद मात्र अकरा महिन्यांचा. जूनमध्ये नवा, मे महिन्यात संपला. पाच वर्षं असं झाल्यावर कार्यालयातून तोंडी सांगणं आलं, की एकच नाव सारखं नको, उद्या ती हक्क सांगेल. तेव्हा दोन हजार अकराला कागदावर भागीरथाची जाऊ जमुना कामाला लागली. जमुनानं या इमारतीचं दार कधी पाहिलं नव्हतं. पाच वर्षांनी जमुना गेली आणि सासू माणिकबाई आली. माणिकबाईला लिहिता येत नसे, म्हणून मस्टरवर अंगठा लागे. तीन वर्षं भागीरथा रोज सकाळी मस्टरवर डावा अंगठा उमटवायची, तो साडीच्या आतल्या पदराला पुसायची आणि मग टेबलाशी बसून त्या ठसठशीत अक्षरात पान एक्केचाळीस भरायची.

मस्टरवर रोज खाली सही चंद्रभानची असायची.

तो वाईट माणूस नव्हता, आणि याचंच त्याला फार कौतुक होतं. आपण नाही म्हटलं असतं तर तिचं काम गेलं असतं, असं त्यानं स्वतःला तेव्हा पटवलं. पुढे पटवायचीही गरज उरली नाही. सवय झाली.

आता बाहेर फाटकाशी मंडप होता. विद्यापीठातल्या आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संपाचा अठरावा दिवस. फेब्रुवारीचं ऊन चढत होतं आणि घोषणा उतरत चालल्या होत्या. चंद्रभान संपात नव्हता, कारण विद्यापीठाच्या कागदावर ग्रंथपाल शिक्षकांत मोडतो. शिक्षकांच्या खोलीत मात्र त्याला कुणी शिक्षक समजत नसे. एकतीस वर्षं तो असा ना इकडचा ना तिकडचा राहिला आणि त्यात त्याला एक प्रकारची सोयच सापडली. भागीरथा कच्ची कर्मचारी, तिला संपावर जायचाही अधिकार नव्हता. ती दिवसभर आत काम करायची आणि दुपारी डबा घेऊन मंडपात जाऊन बसायची.

संपानं एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. सलग दहा वर्षं राबलेल्या कच्च्या लोकांना कायम करायचं की नाही, हे बघायला विद्यापीठानं समिती नेमली. भागीरथाच्या अर्जावर महाविद्यालयानं उत्तर धाडलं: सदर महिलेनं पाच वर्षं काम केलं, मधली आठ वर्षं ती कामावर नव्हती, एकोणीसपासून पुन्हा आहे. मधल्या वर्षांची मस्टरं वाळवीनं खाल्ली. सोबत नावांची टाइप केलेली यादी. यादीखाली ग्रंथपालाची सही.

म्हणून ही आठ पुस्तकं.

आणि त्यांच्यावरची स्टिकरंही चंद्रभानचीच करणी. मोबाइलवर 'वऱ्हाड ग्रंथपाल कट्टा' नावाचा दोनशे बारा जणांचा गट होता, त्याचा तो चालक. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाण्याचे ग्रंथपाल तिथं अडचणी टाकायचे आणि हिंगणकर सर उत्तर द्यायचे. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा धूसर फोटो बघूनही ते वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषयवारीचा आकडा, सांगतात, असा त्यांचा लौकिक होता. एकोणीस साली कुणीतरी विचारलं, बारकोड कुठे लावावा? चंद्रभाननं सविस्तर लिहिलं: एक पहिल्या पानामागे, दुसरा गुप्त पानावर, हाताने टाकलेल्या जुन्या क्रमांकाच्या बरोबर वर, म्हणजे खाडाखोड दिसत नाही आणि तपासणी समितीसमोर पान स्वच्छ राहतं. त्या उत्तराला सत्तर अंगठे आले. अकोल्यात ते अमलात आणलं भागीरथानं. उन्हाळ्याच्या सुटीत, तेवीस हजार पुस्तकांवर. स्वतःचं अक्षर तिनं स्वतःच्याच हातानं, कोपरे नीट दाबून, झाकून टाकलं.

ती सातांतलं एक पुस्तक घेऊन खिडकीशी गेली आणि तिनं पान उजेडापुढे धरलं.

"हे पाहा. इकून दिसते."

मागच्या बाजूनं, छापील ओळींच्या आड, आकडे दिसत होते. उलटे, फिकट, पण नवाची शेपटी ओळखू येत होती.

"तुमी येता ना गुरवारी?" तिनं विचारलं.

"समितीनं बोलावलं हाय मले. यावंच लागते."

"मंग झालं. तुमी फक्त हाय थे सांगा."

कच्च्या कर्मचाऱ्याला पुस्तकं नेता येत नाहीत असा नियम आहे. चंद्रभाननं आठही पुस्तकं आपल्या नावावर काढून तिला दिली. आपल्या वाटणीचं काम झालं, असं त्याला वाटलं.

बुधवारी पौर्णिमाचा फोन आला. पौर्णिमा बोचरे अमरावतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथालय सहायक, आणि संघटनेत कच्च्या लोकांची प्रकरणं बघायची. वर्षभरापूर्वी तिनं कट्ट्यावर विचारलं होतं, तुमच्या ग्रंथालयात कच्चे किती, नावं कळवा. नियम चार, संघटनेच्या पोस्ट टाकू नयेत. चंद्रभाननं तिला पाच मिनिटांत गटातून काढलं होतं. त्या दिवशीही अंगठे आले होते.

"सर, तुमी मले काढलं त्याचं काई नाई," ती म्हणाली. "मी आजबी तुमचे जुने मेसेज काढून वर्गांक टाकतो. उद्या एकच प्रश्न इचारतील, अक्षर कोनाचं. तुमी सांगतलं की प्रकरन मिटलं."

"बघू," चंद्रभान म्हणाला.

"बघू काहून म्हनता सर?"

त्यानं फोन ठेवला. समोरच्या खुर्चीत नुकतेच प्राचार्य बसून गेले होते. त्यांनी धमकी वगैरे दिली नव्हती, भला माणूस. एवढंच म्हणाले होते, की हिंगणकर, जूनमध्ये तुम्ही सुटताय, तुमचं सेवापुस्तक माझ्या टेबलावर आलंय, आणि खोटं मस्टर लिहिणाऱ्याची चौकशी लागली तर ती निवृत्तीनंतरही चालू राहते म्हणे. मग चहा पिऊन गेले.

चंद्रभाननं त्या रात्री नेहमीसारखं जेवण केलं आणि नेहमीसारखा झोपला. झोप लागली, याचं सकाळी त्याला जरा नवल वाटलं. आत काही हलतच नव्हतं. पाय बधिर झाल्यावर आपण तो हातानं उचलून ठेवतो, तसं त्यानं स्वतःला स्टेशनवर आणून ठेवलं.

गाडीत भागीरथा समोरच बसली होती. नवी वाटावी अशी धुवट हिरवी साडी, केसांत मळ्यातली शेवंती, आणि मांडीवर पुस्तकांची पिशवी. मूर्तिजापूरला तिनं डबा उघडला.

"घ्या, सर. भाकर अन् वांग्याची भाजी हाय."

त्यानं अर्धी भाकर घेतली. भाजी झणझणीत असावी, तिचे डोळे पाणावले होते. त्याला चव लागली नाही.

"किशोरले सांगून आली, कायम झाली त बडनेऱ्यावरूनच पेढे आनतो," ती म्हणाली. किशोर तिचा नवरा. "थो म्हने, आधी तुहं नाव त तुले परत भेटू दे." आणि ती हसली. "दोन बाया झाली ना मी. जमुना झाली, सासू झाली. माह्या सासूचा अंगठा तिच्याहून जास्त मीच लावला."

चंद्रभाननं खिडकीबाहेर पाहिलं. कापूस वेचून झालेली काळी रानं मागे जात होती. आता लाज वाटायला हवी, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. लाज आली नाही. तेव्हा मात्र त्याला स्वतःची भीती वाटली.

बडनेऱ्याहून ऑटोनं ते अमरावतीला विद्यापीठात पोचले. अकराची वेळ होती, नंबर साडेतीनला लागला. आत लांब टेबल, पलीकडे समितीचे तिघं, एका कडेला प्राचार्य. पौर्णिमा भागीरथाच्या बाजूला उभी राहिली. तिनं गुप्त पान म्हणजे काय ते समजावलं, आणि मग एकेक पुस्तक पश्चिमेच्या खिडकीला लावून धरलं. अध्यक्ष म्हातारे गृहस्थ होते. ते उठून खिडकीशी आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आठही पानं पाहिली.

"दिसतंय," ते म्हणाले. "उलटं आहे, पण तारखा आहेत. हा नऊ बघा, सगळीकडे सारखाच." मग त्यांनी भागीरथासमोर कोरा कागद सरकवला. "बाई, एक ते नऊ लिहून दाखवा."

तिनं लिहिलं. नवाची शेपटी कागदाच्या खालच्या कडेपर्यंत गेली.

"मला तर पटतंय," अध्यक्ष म्हणाले, "पण माझ्या पटण्यावर फाइल चालत नाही. ग्रंथपाल कोण, तुम्ही? एकतीस वर्षं तुमच्या देखरेखीखाली काम चाललंय. हे अक्षर कोणाचं?"

प्राचार्य पेनाचं टोपण काढत होते आणि घालत होते. भागीरथा चंद्रभानकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी अशी नव्हतीच. उत्तर माहीत असलेला प्रश्न परीक्षेत आला की पोरांचा होतो, तसा चेहरा होता.

"ग्रंथालयात अनेक जण काम करतात," चंद्रभान म्हणाला. "अक्षर कोणाचं, हे मला सांगता येणार नाही."

वाक्य नीट आलं. त्यालाही ते दुसऱ्या कुणाचं तरी ऐकल्यासारखं वाटलं.

अध्यक्षांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "विचार करून सांगा."

"सांगता येणार नाही."

"बरं. लिहून घ्या, ग्रंथपाल ओळख पटवू शकले नाहीत."

बाहेर व्हरांड्यात पौर्णिमा एवढंच म्हणाली, "मधले आठ गेले. आता मागचे पाच अन् पुढचे सहा तुटक धरतील. सलग दहा कोठी भरत नाईत." हे ती भागीरथाला सांगत होती. चंद्रभानकडे तिनं पाहिलं नाही.

भागीरथानं बाकावर पिशवी ठेवली. आठ पुस्तकं बाहेर काढली, वर्गांकाप्रमाणे लावली आणि पुन्हा आत भरली. उद्या जागेवर ठेवायला सोपं जावं म्हणून. परतीच्या गाडीत ती बायकांच्या डब्यात बसली.

शुक्रवारी प्राचार्यांच्या कार्यालयातून चिठ्ठी आली: श्रीमती उमाळे यांच्या सेवेची सोमवारपासून आवश्यकता नाही. संप त्याच दिवशी मिटला, पुढची बोलणी करू असं लेखी मिळालं होतं. फाटकावर गुलाल उधळला गेला.

शनिवारी दुपारी भागीरथा टेबलासमोर येऊन उभी राहिली. आठ पुस्तकं तिनं सकाळीच जागेवर लावली होती. आता तिनं किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवला.

"ह्या घ्या."

"ठेवा," चंद्रभान म्हणाला.

"अशा नाई. पावती द्या."

"कायची पावती?"

"किल्ल्याची. लायब्ररीचं काईबी वापस केलं की पावती देता ना तुमी? पोराहीले देता. मलेबी द्या." तिचा आवाज चढलेला नव्हता. "अन् माह्या नावानं द्या."

त्यानं पावतीपुस्तक ओढलं. श्रीमती भागीरथा किशोर उमाळे यांच्याकडून ग्रंथालयाच्या तीन किल्ल्या आज रोजी मिळाल्या. तिनं वाकून वाचलं.

"कवापासून होत्या माह्याजवळ, थे लिहा."

चंद्रभानचं पेन थांबलं. एवढ्या एका ओळीचा अर्थ काय होतो, हे या इमारतीत त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. नकार देता आला असता. तशी गरज नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, असली वाक्यं आता त्याला येत होती. भागीरथा उभी होती, रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी असायची तशी.

त्यानं लिहिलं: या किल्ल्या दि. १२ जून २००६ पासून आजपर्यंत सलग त्यांच्याच ताब्यात होत्या.

का लिहिलं, हे त्याला सांगता आलं नसतं. उपकार म्हणून लिहिलं नाही, शूरपणा तर त्याच्यात नव्हताच. हातानं लिहिलं, एवढंच. मोकळं वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटलं नाही.

"सही," ती म्हणाली.

त्यानं सही केली. शिक्क्याची पेटी तिनं स्वतःच उघडली, शिक्का शाईवर दोनदा टेकवला आणि सहीच्या डाव्या अंगाला, सरळ रेषेत, मारला. फुंकर घालून वाळवला. मग पावती घडी न करता प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली.

"बाई," चंद्रभान म्हणाला.

"झाडनी दारामागं हाय. पेपरवाला पाउने आठले येते, दार बंद दिसलं त पेपर नालीत टाकते," ती म्हणाली. "येतो मी."

सोमवारी साडेसातला चंद्रभान ग्रंथालयाच्या दाराशी उभा होता. मागे पायऱ्यांवर अभ्यासिकेची पाचसहा पोरं ताटकळत होती. तीन कुलपं, तीन किल्ल्या. भागीरथानं एकीला पिवळा दोरा बांधला होता, एकीला लाल, एक तशीच. कुठला रंग कुठल्या कुलपाचा, हे तिनं सांगितलं नव्हतं. त्यानंही एकोणीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

पिवळ्या दोऱ्याची वरच्या कुलपाला गेली नाही. फोन वाजला. पौर्णिमा होती.

"सर, भागीरथाबाईनं एक कागद आनून देल्ला. मी आता थो समितीकडं घेऊन चालली." ती म्हणाली. "देन्याआधी इचारतो. अक्षर तुमचंच हाय ना?"

चंद्रभाननं फोन कानाशी तसाच धरला. पेपरवाला सायकलवरून वळत होता.

"माझंच आहे," तो म्हणाला. "सहीही माझीच."

"तिथं येऊन सांगसान?"

"येतो."

तिकडून फोन ठेवल्याचं कळलं. त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि लाल दोऱ्याची किल्ली लावून पाहिली. ती अर्धी फिरली आणि अडली. पेपर नालीत पडू नये म्हणून त्यानं डावा हात मागे पसरून ठेवला आणि तो उजव्या हातानं तिसरी किल्ली शोधू लागला.